सात नंबरचा घोडा आणि कसाऱ्याचं तिकीट

खेळण्यांच्या दुकानात हल्ली एक वेगळं कपाट असतं. त्यातल्या प्रत्येक पेटीवर मेंदू, बल्ब किंवा रॉकेट यांपैकी एक काहीतरी आणि कोपऱ्यात 'स्टीम' असा गोल शिक्का. म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित, पाचही एकाच पेटीत, वय वर्षं सहाच्या पुढे. ठाण्यात गोखले रोडला गेलात काय नि घोडबंदरच्या मॉलमध्ये गेलात काय, कपाट तेच. वाढदिवसाला जाताना हातात काय न्यायचं हा प्रश्न या कपाटाने सोडवून टाकलाय. देणाऱ्यालाही बरं वाटतं, मुलाच्या आईलाही बरं वाटतं. मुलाला काय वाटलं ते पेटी दुसऱ्यांदा उघडली जाते का यावरून कळतं.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी मुलं खेळायला बसतात आणि त्यांच्यात मीही. मी शिक्षिका नाही. दुसऱ्यांचे हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे आकड्यांची भीती नाही आणि फारसं कौतुकही नाही. वाढदिवसाला मिळालेल्या अशा पुष्कळ पेट्या या हॉलमध्ये येतात. त्या खेळता खेळता माझं एक मत पक्कं झालं: पेटीवर ज्या विषयाचं चित्र आहे तो विषय आत असेलच असं नाही. मूल जे काही शिकतं ते नियमांतून.

उदाहरणार्थ, एका पेटीवर शनीची कडी होती, आत चकचकीत पट. फासा टाकायचा, ग्रहाच्या घरात आलात की कार्ड उचलायचं. 'सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता?' गुरू म्हणालात की दोन घरं पुढे. आता यात गुरूचं काय काम आहे? त्या जागी कर्नाटकची राजधानी विचारा, खेळ तसाच्या तसा चालेल. ही तोंडी परीक्षा आहे, फक्त कारल्याच्या भाजीत गूळ घालावा तसा वर फासा घातलाय. दोन-तीनदा खेळून कार्डं पाठ झाली की संपलं. मी एक साधी कसोटी लावते. पेटीवरची आणि पटावरची सगळी चित्रं पुसली तर खेळात काय उरतं? उरलं तेच शिकवणार.

याचा एक छान प्रयोग झालेला आहे. २००८ साली गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर या संशोधकांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक अगदी भिकार दिसणारा खेळ दिला. एका ओळीत दहा घरं, चकती फिरवायची, एक किंवा दोन आलं की तेवढी घरं पुढे. निम्म्या मुलांच्या घरांत १ ते १० आकडे होते, उरलेल्यांच्या घरांत नुसते रंग. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटं, चार वेळा. आकडेवाल्या मुलांची संख्यांची जाण स्पष्ट सुधारली, म्हणजे कुठली संख्या मोठी, ती रेषेवर साधारण कुठे येईल वगैरे. रंगवाल्यांची सुधारली नाही. पट तोच, चकती तीच, मजाही तेवढीच.

पुढे सीग्लर यांनी एलिडा लास्की यांच्याबरोबर २०१४ मध्ये आणखी बारीक गोष्ट दाखवली. सोंगटी पुढे नेताना मूल 'एक, दोन, तीन' असं म्हणतं की जिथे आहे तिथून पुढचे आकडे म्हणतं, यानेही फरक पडतो. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये साप-शिडी खेळताना एकच नियम वाढवलाय. त्रेसष्टवर आहेस आणि चार पडले? मग 'चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट' असं मोठ्याने म्हणत जायचं. आकडा चुकला तर सोंगटी तिथेच. पहिलीतली माझी भाची एकोणसत्तरच्या घराला जाम घाबरते. सापाच्या तोंडापेक्षा तिला तो 'एकोण' जास्त छळतो. पण ऐंशीच्या पुढचे आकडे ती या एका नियमावर शिकली, पाठांतराची वही न उघडता.

साप-शिडीचं मला एरवी फार प्रेम नाही. आपल्याकडे हा मोक्षपट, संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, वर मोक्ष. कल्पना सुंदरच. पण शिडी चढायची की सापाच्या तोंडात जायचं हे सगळं फाशाच्या हाती. चांगल्या कर्माचं महत्त्व सांगणाऱ्या पटावर कर्म करायला वावच नाही, ही गंमत मला नेहमी वाटत आलीय. खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नसेल तर आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला त्यात काय राहिलं?

ठरवायला लावणारा आणि एक रुपया न लागणारा खेळ म्हणजे घोड्यांची शर्यत. पाठकोऱ्या कागदावर बारा रकाने, प्रत्येकात दहा घरं, घोडे म्हणजे शर्टाची बटणं. दोन फासे टाकायचे. बेरीज येईल त्या नंबरचा घोडा एक घर पुढे. खेळण्याआधी प्रत्येकाने आपला घोडा निवडायचा. निवडताना मी तोंडातून शब्द काढत नाही. कुणी वाढदिवसाची तारीख धरतं, कुणी बारा घेतं कारण तो सगळ्यात मोठा, आणि एकजण हमखास एक नंबर घेतो, कारण एक नंबर म्हणजे एक नंबर.

थोडा वेळ जातो. "काकू, माझा घोडा हलतच नाहीये." कुणीतरी म्हणतं, थांब रे, येईल. आणखी थोडा वेळ. मग चौथीतली एक मुलगी हातातले फासे तसेच धरून म्हणते, "अरे, दोन फाशांत एक कसा येईल?" जो काही हशा पिकतो! एकवाला रडकुंडीला येतो. पण पुढच्या डावाला सगळ्यांत आधी सातवर झडप घालणारा तोच असतो.

सातच का, यावर मग भांडण. इथे मी कागद पुढे सरकवते. सहा आडवे, सहा उभे, छत्तीस चौकोन. प्रत्येकात बेरीज लिहा. सात सहा वेळा येतो, सहा आणि आठ पाच-पाच वेळा, दोन आणि बारा एकेकदाच. सगळ्यात जास्त वाद होतो तो ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३ वेगळे धरायचे का यावर. मोठी माणसंही इथे अडखळतात. तोंडाने समजावून उपयोग नसतो. एक फासा लाल, एक निळा घेतला की दोन मिनिटांत वाद मिटतो, कारण लाल तीन-निळा चार आणि लाल चार-निळा तीन हे दोन वेगळे प्रसंग आहेत हे डोळ्यांना दिसतं. 'कॅटान' या क्लाउस टॉयबर यांच्या १९९५ सालच्या प्रसिद्ध खेळाच्या हल्लीच्या पेटीत हेच गणित पटावर मांडून ठेवलंय: प्रत्येक आकड्याखाली जितके ठिपके तितक्या त्याच्या वाटा, सहा-आठखाली पाच, दोन-बाराखाली एक. टॉयबर व्यवसायाने दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. त्यांनी पेटीवर कुठेही संभाव्यता असं लिहिलं नाही.

पण खरी मजा पुढे आहे. सगळ्यांना सात हवा म्हटल्यावर खेळ संपतो. मग मुलांनीच तोडगा काढला: सातला जास्त पळवायचं. सातला बारा घरं, सहा-आठला दहा, असं करत दोन आणि बाराला दोनच घरं. प्रत्येकाच्या वाटा गुणिले दोन. हिशेब बरोबर होता. सरासरीने प्रत्येक घोड्याला बाहत्तर वेळा फासे टाकावे लागतात, मग तो सात असो की दोन. मी मनात म्हटलं, शाबास. आणि शर्यती सुरू झाल्यावर दोन आणि बाराच जिंकायला लागले.

सी विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा तिथे टेबल टेनिस खेळत होता. त्याने मोबाइलवर पायथन या संगणकभाषेतल्या चार ओळी लिहून दहा हजार शर्यती पळवल्या. निकाल तोच. सरासरी सारखी असूनही असं का? कारण सातला बारा घरं जायचंय. त्यात नशीब इकडेतिकडे होऊन शेवटी सरासरीच्या जवळपास येतं. दोनला दोनच घरं. तो कधी शंभरात हलत नाही, तर कधी पाच-दहा डावांतच दोनदा पडून मोकळा होतो. शर्यतीत सरासरीला कोण विचारतं? लवकर पोचणारा एकच लागतो. सरासरी आणि तिच्याभोवतीचं विखुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला सूत्र पाठ करून कळलं होतं, म्हणजे कळलं नव्हतं. इथे पाचवी-सहावीतली मुलं 'बाराला तीन घरं कर, मग बघू' म्हणत खोडरबर फिरवत होती. तीन घरं केली की ते बरेच ताळ्यावर येतातही.

विकतच्या खेळांत मला आवडणारे खेळ असेच आहेत, वरून अगदी मुकाट. 'सेट' हा पत्त्यांचा खेळ घ्या. ८१ पत्ते, प्रत्येकावर आकार, रंग, संख्या आणि भरण या चार गोष्टी, प्रत्येकीचे तीन प्रकार. तीन पत्ते असे शोधायचे की प्रत्येक गोष्ट तिघांत एकतर सारखी असेल नाहीतर तिघांत वेगळी. मार्शा फाल्को या आनुवंशशास्त्राच्या संशोधक १९७४ साली कुत्र्यांमधल्या फेफऱ्याचा अभ्यास करत होत्या. जनुकांच्या नोंदी कार्डांवर खुणांनी करता करता त्यांना हा खेळ सुचला. कुठलेही दोन पत्ते उचला, त्यांना पूर्ण करणारा तिसरा पत्ता गड्डीत एक आणि एकच असतो. मुलांना हे कळलं की ती तिसऱ्या पत्त्याचं वर्णन आधी करतात आणि मग तो शोधतात. पत्ता समोर येण्याआधीच तो कसा असणार हे सांगणं! बारा पत्ते मांडल्यावर मोठी माणसं चष्मा सारखा करेपर्यंत मुलांनी तीन सेट उचललेले असतात. माझा तर या खेळात पार कचरा होतो.

'ब्लोकस'मध्ये प्रत्येकाकडे २१ तुकडे असतात, एक ते पाच चौरसांचे. ते घ्यायच्या आधी मी मुलांना चौकटीच्या वहीतून कात्रीने तुकडे कापायला लावले. एका चौरसाचा एक, दोनाचा एक, तीनाचे दोन, चाराचे पाच इथवर सगळे झपाट्याने येतात. पाचाचे किती? एकीचे दहा झाले, एकाचे तेरा. तेरावाला छाती फुगवून बसला. मग चौथीतल्या मुलीने त्याचे दोन तुकडे उचलले, एक उलटा केला आणि दुसऱ्यावर ठेवला. तंतोतंत. "उलटा केलेला वेगळा का नाही? बुटाचा डावा-उजवा वेगळा असतो," हा त्याचा युक्तिवाद मला अजून बिनतोड वाटतो. ठरवावं लागतं की उलटवणं चालेल की नाही. चालेल म्हटलं तर बारा, नाही म्हटलं तर अठरा. पेटीतही बाराच आहेत, पण तो अजून अठराच म्हणतो.

आयांचा ठरलेला प्रश्न असतो, याने मार्क वाढतात का? पाढे पाठ व्हायला हवे असतील तर पाढे पाठ करा, असं मी सरळ सांगते. स्कॉलरशिपच्या पेपरात बटणांचे घोडे येत नाहीत. बाबा लोकांचा त्रास वेगळा. ते मुलाच्या खांद्यावरून वाकून "अरे, तो कोपऱ्यात टाक ना" सुरू करतात. म्हणून हॉलमध्ये मोठ्यांना एकच अट: खेळायचं असेल तर स्वतःच्या सोंगट्या घेऊन बसा, नाहीतर खाली चहाला जा. बहुतेक जण चहाला जातात. एक आजोबा मात्र नियमाने बसतात आणि नियमाने हरतात.

गेल्या पावसाळ्यात मुलांना 'टिकेट टू राइड' मिळाला. ॲलन मून यांचा २००४ सालचा खेळ. नकाशावर शहरं, त्यांच्यामध्ये रूळ, हातातल्या तिकिटाप्रमाणे दोन शहरं जोडायची. परदेशातली शहरं दोनदा जोडून झाल्यावर ठाण्याच्या मुलांना जे सुचायचं तेच सुचलं. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून कुठे आली? मग आपला लोकलचा खेळ का नाही?

पहिला नकाशा त्यांनी भूगोलाच्या पुस्तकावरून मापात काढला आणि फसले. मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड एकमेकांच्या अंगावर आले, तिथे आइस्क्रीमची काडी ठेवायलाही जागा नाही, आणि कसारा कागदाबाहेर. दोन रविवार त्यात गेले. शेवटी सहावीतल्या मुलीने, जी एरवी गणिताच्या नावाने पळते आणि चित्रं सुरेख काढते, पट्टी घेतली. मधली अंतरं सारखी केली, रेषा सरळ नाहीतर तिरक्या, वळणं रद्द, बिनकामाची स्टेशनं रद्द. लंडनच्या भुयारी रेल्वेत काम करणाऱ्या हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ साली हेच केलं होतं. विजेच्या सर्किटच्या आकृत्या काढायची त्याला सवय होती. प्रवाशाला अंतराशी देणंघेणं नसतं, कुठे चढायचं आणि कुठे बदलायचं एवढंच हवं असतं, हे त्याने ओळखलं. १९३३ मध्ये तो नकाशा लोकांच्या हाती आला आणि पुढे जगभर तसेच नकाशे झाले. पेटीवरच्या शिक्क्यात कला हा शब्द येतो तो बहुधा रंगीत खडूंच्या जोरावर. मला विचाराल तर काय गाळायचं हे ठरवणाऱ्या त्या पट्टीत ती जास्त होती.

आणि मग आलं मेगाब्लॉकचं कार्ड, म्हणजे रविवारच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद. रविवारी खेळणाऱ्या मुलांच्या खेळात ते येणारच. हे कार्ड टाकलं की कुठल्याही दोन जंक्शनांमधला मार्ग एक फेरी बंद. आता खेळ खरा पेटला. ठाणे ते ऐरोली बंद? मग डोंबिवली ते नेरूळचं तिकीट असलेला दिव्याहून पनवेलमार्गे जातो. ठाणे ते दिवा बंद? मग ठाण्याचा माणूस कल्याणला जायला तुर्भे, नेरूळ, पनवेल करत दिव्याला येतो. "कोण जाईल असं?" "खेळात जाईल!" वळसा कितीही वेडावाकडा असो, वाट आहे. कारण ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा कुर्ला, ठाणे आणि वाशी यांचं एक वर्तुळ पुरं झालं. दिवा-पनवेलमुळे दुसरं, दिवा-वसईमुळे तिसरं. मुलांनी नकाशावर ही वर्तुळं स्केचपेनने रंगवली आणि लक्षात आलं की वर्तुळातली कुठलीही एक बाजू तुटली तरी कुणी अडकत नाही. मुलांच्या नकाशात कल्याणपुढे मात्र वर्तुळ नव्हतं. कसारा आणि कर्जत या दोन उघड्या शेपट्या होत्या.

ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का याबद्दल लिहिलं तेव्हा नदी किती रुंद, पूल किती लांब हे सगळं सोडून कोण कुणाला जोडलंय एवढंच पाहिलं, आणि त्यातून गणिताची एक शाखाच निघाली. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा दोघांनी ऐकलं, बाकीचे मेगाब्लॉकची कार्डं वाटून घेत होते. ठीक आहे. त्यांचं काम चालू होतं.

भानगड कसाऱ्याची. ते तिकीट ज्याला येई त्याच्यावर सगळे मिळून कल्याणपुढे मेगाब्लॉक टाकत. तो बसला हात चोळत. दोन रविवार हे चाललं आणि मग कसाऱ्याचं तिकीट आलं की मुलं ते गुपचूप गड्डीच्या तळाशी सरकवायला लागली. गुण वाढवून बघितले, दहाचे पंधरा केले; उपयोग झाला नाही, कारण पोचताच येत नसेल तर पंधरा काय नि पन्नास काय. तिकीटच काढून टाका, असा ठराव आला. ज्याची मावशी कसाऱ्याच्या वाटेवर आसनगावला राहते त्याने कडाडून विरोध केला: माणसं राहतात तिथे, काढून कसं टाकता?

शेवटी एसटी आली. मेगाब्लॉक असेल तर कल्याणहून पुढे एसटीने जाता येईल, फक्त दोन खेळ्या गमवायच्या. दोन फार कमी, म्हणाली चौथीतली, तीन हव्यात. दोन-तीनवर अर्धा तास गेला. मग बी विंगमधल्या एकाचे बाबा, जे रोज तिकडून ये-जा करतात, त्यांना खालून बोलावून आणलं. त्यांनी पट नीट पाहिला, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पावसाळ्यात की उन्हाळ्यात?"

आता पावसाळ्याचं वेगळं कार्ड चाललंय.